ऑर्व्हिल स्टॅम्परची एकुलती शिफारस

"पोरात चांगलं काय आहे ते त्याची आईसुद्धा सांगेल, मला पगार मिळतो तो वाईट काय आहे ते सांगण्याचा."

हे वाक्य ऑर्व्हिल स्टॅम्पर आपल्याच मुलीच्या लग्नात बोलला होता. व्याह्यांनी सहज विचारलं होतं, तुम्ही नेमकं काय काम करता म्हणून. उत्तर देताना त्याची नजर नाचणाऱ्या जावयावर होती. "पोरगा चांगला आहे," तो पुढे म्हणाला, "फक्त कमरेत ताठ आहे. डावीकडे वळायला वेळ लावतो." व्याही खो खो हसले. स्टॅम्परची बायको व्हर्लीन हसली नाही. हा माणूस विनोद करत नाही, अहवाल देतो, हे तिला संसाराच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तेव्हा तिने लाडात येऊन विचारलं होतं, माझ्यात तुला काय दिसलं? त्याने जरा विचार करून सांगितलं होतं, "सुरुवात उशिरा करतेस, पण शेवटपर्यंत सोडत नाहीस."

स्टॅम्पर अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक क्लबाचा पारखी होता, कॉलेजातली पोरं हेरणारा. क्लब होता दूर उत्तरेला, बर्फात. स्टॅम्परचा मुलूख म्हणजे मिसिसिपी, अलाबामा आणि टेनेसी. ऑगस्टचा उन्हाळा पेटला की तो घरून निघे, आणि कॉलेजांची मैदानं, मोटेलच्या खोल्या आणि पेट्रोल पंपावरचे उकडलेले शेंगदाणे एवढ्यावर हंगाम काढी. त्याच्या गाडीत शेजारच्या आसनावर कोणी बसू शकत नसे. तिथे टरफलं बसलेली असत.

एप्रिलच्या शेवटी देशातले सगळे क्लब पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलत. ह्याला ड्राफ्ट म्हणत. तीन दिवसांत सात फेऱ्या चालत. पहिल्या फेरीत उचललेल्या पोराच्या आईला नवं घर मिळे, सातव्या फेरीतल्याच्या आईला क्लबाची टोपी. त्या तीन दिवसांसाठी शेकडो शहाणी माणसं वर्षभर पोरांची मनगटं, घोटे, झोप आणि चारित्र्य तपासत हिंडत. ड्राफ्ट उरकला की ह्यातल्या बऱ्याच शहाण्यांना काढून टाकायची पद्धत होती, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या क्लबांनी काढून टाकलेले शहाणे घ्यायची.

स्टॅम्परला मात्र कोणी कधी काढलं नव्हतं. त्याला कारण होतं एक देखणा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन सगळा डाव चालवणारा गडी. सारा देश त्या पोरावर लट्टू असताना स्टॅम्परने एकच ओळ लिहिली होती: हरल्यावर हा सोबत्यांच्या नजरेला नजर देत नाही. क्लबाने पोराला सोडलं. दुसऱ्या क्लबाने उचललं, आणि दोन हंगामांत त्या पोराचा आणि त्या क्लबाचाही पाचोळा झाला. तेव्हापासून स्टॅम्परच्या शब्दाला वजन आलं. म्हणजे त्याच्या अर्ध्याच शब्दांना. अहवालात दोन रकाने असत, गुणांचा आणि दोषांचा. स्टॅम्परचा गुणांचा रकाना कोणी वाचत नसे. दोषांचा रकाना मोठ्याने वाचून दाखवला जाई, आणि तो वाचताना लोक आवाज खाली आणत.

इतक्या वर्षांत त्याने कितीतरी पोरांसाठी 'घ्या' म्हणून सांगून पाहिलं होतं. त्यातला एकही त्याच्या शब्दावर घेतला गेला नव्हता. त्याचं 'नको' मात्र एकदाही वाया गेलं नव्हतं. माणसाला ज्या कामासाठी मान मिळतो, त्याच कामाचा तो हळूहळू होत जातो. स्टॅम्पर तसा झाला होता, आणि येत्या मे महिन्यात तो निवृत्त व्हायचा होता.

त्या शेवटच्या हंगामात, ऑक्टोबरमध्ये, तो लॅमर क्रीक नावाच्या कॉलेजात गेला. पाइनच्या झाडांत दडलेलं लहानसं कॉलेज. मैदानाच्या एका बाजूला प्रेक्षकांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला कापसाचं शेत. तिथे टेरिएल मॅक्गी नावाचा एक गार्ड होता. क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखे उभे राहणारे जे पाच दांडगे असतात, त्यातला एक. ह्या पाचांचं नाव कधी कोणाच्या तोंडी नसतं. भिंत पडली तरच लोक विचारतात, कुठली वीट निसटली?

आपल्या रिवाजाप्रमाणे स्टॅम्पर मैदानावर जायच्या आधी भोजनगृहात गेला. पोराचे खरे दोष प्रशिक्षकाला ठाऊक नसतात, स्वयंपाकिणीला असतात, असा त्याचा अनुभव होता. तिथली मिस ओडेसा त्याला वर्षानुवर्षं ओळखत होती. तिने त्याच्यापुढे तळलेला कॅटफिश आणि मक्याचा पाव ठेवला, पण स्वतः बसली नाही.

"मिस ओडेसा, तो मॅक्गी जेवल्यावर ताट उचलतो का हो?"

"उचलतो. दुसऱ्यांचीपण उचलतो."

"का?"

"का म्हणजे? हात आहेत म्हणून."

"उर्मट बोलतो कधी? चिडतो?"

"मिस्टर स्टॅम्पर," मिस ओडेसाने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं, "मागे त्या चेंडू घेऊन पळणाऱ्या पोराबद्दल तुम्ही असंच गोड गोड विचारत बसलात. माझ्या तोंडून निघून गेलं, की तो भात टाकतो. एवढंच. आणि तुम्ही लेकराचं वाटोळं केलंत."

"वाटोळं कसलं? पाचव्या फेरीत गेला की."

"दुसऱ्यात जायचा होता. त्याच्या आईला विचारा, दुसरी आणि पाचवी ह्यात काय फरक असतो ते. मी तोंडावर टीका करते म्हणून राग मानू नका, पण तुम्ही लोक कसे आहात माहितीय? माझ्या हातचा एवढा मासा खाता आणि काटाच तेवढा उत्तरेला घेऊन जाता."

स्टॅम्परने पाव मोडला.

"आणि ह्या टेरिएलबद्दल मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "त्याच्यात सांगण्यासारखं काही नाहीच. असतं तरी सांगितलं नसतं."

मग स्टॅम्परने बाकीचं सगळं केलं. पोराची गाडी बाहेरून पाहिली. काचा स्वच्छ होत्या. वर्गातल्या बाईंना भेटला. पोरगा पहिल्या बाकावर बसत नव्हता, मागच्यांना दिसणार नाही म्हणून. पाद्रीबाबांना गाठलं आणि विचारलं, पोरगा चर्चमध्ये पेंगतो का? पाद्रीबाबा मोकळेपणाने म्हणाले, "माझ्या प्रवचनात सगळेच पेंगतात, तो निदान ताठ बसून पेंगतो." स्टॅम्परने ते लिहून घ्यायला पेन काढलं आणि परत ठेवलं. ताठ बसून पेंगणं गुणांत घालायचं की दोषांत, हे त्याला ठरवता येईना.

दुपारी तो मैदानाच्या कुंपणाला टेकून उभा राहिला. सराव सुरू होता. पाचही दांडगे हात जमिनीला टेकवून, पुढे झुकून तयार होते. त्या क्षणी मैदानावर नेहमी एक प्रकारची शांतता पडते. घाबरलेली, दात आवळलेली. स्टॅम्परने ती हजारदा ऐकली होती. आज तिच्यात काहीतरी होतं. कोणीतरी गुणगुणत होतं. हेल्मेटच्या आत, खोल, विहिरीतून आल्यासारखं. चर्चमधलं एखादं जुनं गाणं असावं. शब्द नव्हते, नुसती चाल. मॅक्गी गुणगुणत होता आणि बाकीच्या चौघांचे खांदे त्या चालीवर खालीवर होत होते. मागून क्वार्टरबॅक ओरडला, "आज हे होय? कालचंच बरं होतं रे!" कोणीतरी हसलं. चेंडू सुटला, समोरचा आडदांड गडी धावून आला, आणि मॅक्गीने त्याला अलगद, घरात कपाट सरकवावं तसं बाजूला सरकवून ठेवलं.

सराव संपल्यावर स्टॅम्परने त्याला हाक मारली. जवळून पोरगा आणखीच मोठा दिसत होता. दमलेला होता, पण हेल्मेट हातात धरून सरळ उभा राहिला.

"काय रे, गुणगुणतोस होय?"

"ऐकू येतं का, सर? माफ करा, सर."

"माफी कसली मागतोस? मुद्दाम करतोस?"

"नाही, सर. मला पत्ताच नसतो. समोरचा माणूस फार मोठा दिसायला लागला, की आपोआप सुरू होतं."

"आणि मग?"

पोराने थोडा विचार केला. "मग तो मोठा राहत नाही, सर."

स्टॅम्पर गाडीत येऊन बसला. कापसाच्या शेतावर ऊन कलत होतं. गुणांचा रकाना त्याने भरला, जो कोणी वाचणार नव्हतं. दोषांच्या रकान्यापाशी तो थांबला. नंतर त्याने व्हर्लीनला फोन लावला. दुपारच्या वेळी तो कधी फोन करत नसे.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. एक पोरगा सापडलाय."

"काय मोडलंय त्याचं?"

"काही नाही, व्हर्लीन. काहीच नाही. रकाना रिकामा ठेवतोय."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "बरं वाटत नाहीये का तुला?"

"ऐक ना. ह्या लोकांनी माझं 'नको' जन्मभर ऐकलं. जायच्या आधी एकदा, एकदाच, माझ्या शब्दावर त्यांनी एक पोरगा घ्यावा. हाच. मग मी खुशाल घरी येऊन तुझ्या टोमॅटोंना पाणी घालीन."

"टोमॅटोंत खोट काढणार नसशील तर ये," व्हर्लीन म्हणाली. "पण ऑर्व्हिल, हे त्यांना तोंडाने सांग. रकाना रिकामा ठेवणं म्हणजे सांगणं नव्हे."

रिकामा रकाना संगणकानेच परत पाठवला. दोष लिहिल्याशिवाय अहवाल स्वीकारता येत नाही, अशी सूचना आली. स्टॅम्परने पुष्कळ विचार करून त्यात एक टिंब टाकलं. संगणकाचं समाधान झालं. क्लबाचं झालं नाही. उत्तरेतल्या त्या काचेच्या इमारतीत हिवाळाभर त्या टिंबाची चर्चा होती. स्टॅम्परच्या हातून चुकून पडलं असेल, असं एकालाही वाटलं नाही.

फेब्रुवारीत इंडियानापोलिसला सगळी पोरं मोजायला आणली गेली. चड्डीवर एकेक पोरगा मंचावर येई, पाठ वळवी, पुन्हा समोर वळे. खाली खुर्च्यांवर बसलेली, बहुतेक गोरी, बहुतेक पोट सुटलेली माणसं कॉफीचे घोट घेत आकडे लिहीत. पंजाची लांबी पुकारली जाई तेव्हा अशी शांतता होई की एखाद्या चांगल्या घरातल्या माणसाने तिथून मान खाली घालून निघून जावं. कोणी जात नसे. स्टॅम्परही गेला नाही. त्याचीही खुर्ची ठरलेली होती.

मुलाखतीत क्लबाचे व्यवस्थापक हॉल्क्विस्ट यांनी मॅक्गीला विचारलं, "सकाळी आधी कुठला मोजा घालतोस, डावा की उजवा?" हॉल्क्विस्ट तरुण होते, हसरे होते. त्यांनी कधी हेल्मेट घातलं नव्हतं, पण माणसाच्या मनात शिरायच्या वाटा त्यांना एका शिबिरात शिकवल्या होत्या.

"जो आधी सापडेल तो, सर," मॅक्गी म्हणाला.

खोलीतल्या पाचजणांनी पाच वेगवेगळ्या गोष्टी लिहून घेतल्या.

आणि मग एप्रिलचा तो दिवस आला. ड्राफ्टच्या आधीच्या आठवड्यात क्लबाची मोठी खोली बंद होई. भिंतभर लोखंडी फळा, त्यावर प्रत्येक पोराच्या नावाची चुंबकाची पट्टी. वरच्या ओळीत पहिली फेरी, त्याखाली दुसरी, अशी ती गुणवत्ता खाली उतरत जाई. मॅक्गीची पट्टी दुसऱ्या फेरीत होती. स्टॅम्पर आत येताच आधी त्याने तीच शोधली. मग हॅट मांडीवर ठेवून बसला.

"आता मॅक्गी," हॉल्क्विस्ट म्हणाले. "ऑर्व्हिल, तुमचं ते टिंब."

दहाबारा माणसं हसली, पण सावधपणे.

"टिंब म्हणजे काही नाही," स्टॅम्पर म्हणाला. "पोरात खोट नाही. घ्या त्याला. इतक्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागतोय."

खोलीत अस्वस्थता पसरली. भिंतीच्या गड्यांचा प्रशिक्षक डॉब्स, स्टॅम्परचा जुना मित्र, खुर्चीत मागे रेलला. "म्हाताऱ्या, तू माझ्या लग्नातल्या केकमध्ये खोट काढली होतीस. आणि ह्याच्यात नाही?"

"केक एका बाजूला कलला होता."

"तेच म्हणतोय ना मी!"

हॉल्क्विस्टनी हात वर केला. त्यांचा स्वर अगदी मऊ होता. "हे बघा ऑर्व्हिल, मला तो पोरगा पसंत आहे. मी त्याला घ्यायला तयार आहे. पण मालक विचारतील, स्टॅम्परने दोष काय काढला? मी काय सांगू? टिंब? दोष नसलेला पोरगा मला तोलताच येत नाही. एका पारड्यात गुण, दुसऱ्यात काहीच नाही, असा तराजू कसा धरायचा? तुम्ही फक्त एक दोष द्या. बारीकसा द्या. म्हणजे मी सांगतो, स्टॅम्परने पाहिलं, एवढंच सापडलं, आणि आपण त्याला घेतो."

सगळी खोली स्टॅम्परकडे बघत होती. एवढंच अंतर राहिलं होतं. भिंतीवरची पट्टी जिथल्या तिथे राहायला एक दोष हवा होता, आणि दोष काढणं तर त्याच्या हातचा मळ. त्याने मनातल्या मनात पोराला पुन्हा कुंपणापलीकडे उभं केलं आणि शोधलं. पाय चांगले, हात चांगले, ताटं उचलतो. जे सापडलं ते इतकं लहान, इतकं निरुपद्रवी होतं, की त्याला हायसं वाटलं.

"उभा राहिला की गुणगुणतो," तो म्हणाला.

कोणीतरी पेनाचं टोपण काढलं.

"काय करतो?" डॉब्सने विचारलं.

"गुणगुणतो. हळू. चर्चमधलं काहीतरी."

क्लबाचे मानसतज्ज्ञ डॉक्टर प्रुइट पुढे सरकले. "नेहमी? की ताण आल्यावर?"

"समोरचा मोठा दिसला की, असं म्हणाला."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले. "म्हणजे त्याला समोरचा मोठा दिसतो."

"तसं नाही हो. नंतर तो मोठा राहत नाही."

"पण आधी दिसतो. आपल्या गटातल्या क्लबांत समोर सगळे मोठेच आहेत, ऑर्व्हिल."

डॉब्स उठून उभा राहिला होता. "ते सोडा. मला सांग, चेंडू फेकायच्या डावाला एक गाणं आणि घेऊन पळायच्या डावाला दुसरं, असं आहे का?"

"रोज बदलतो बहुतेक. पोरं चेष्टा करतात त्याची."

"म्हणजे बदलतो! अरे देवा. समोरचे काय बहिरे आहेत? चार सामने ऐकले की त्यांना पाठ होईल. कुठल्या भजनाला कुठला डाव. माझे सगळे डाव त्या पोराच्या नाकातून बाहेर पडायचे."

"चित्रफितीत आवाज तपासता येईल का?" हॉल्क्विस्टनी कोपऱ्यातल्या आकडेतज्ज्ञाला विचारलं.

"फितींना आवाज नसतो, सर."

"म्हणजे आपल्याला माहीत नाही."

"माहीत नाही, सर."

"जे माहीत नाही ते आपण दुसऱ्या फेरीत घेतो का?"

कोणी घेत नव्हतं.

"थांबा," स्टॅम्पर म्हणाला. आवाज थोडा चढला होता. "ही खोट नाहीये."

"तुम्हीच सांगितलीत, ऑर्व्हिल."

"तुम्ही मागितलीत म्हणून सांगितली!"

"आम्ही मागितली आणि ती निघाली. काही नव्हतंच, तर निघाली कुठून?" हॉल्क्विस्टच्या बोलण्यात आता खरा आदर होता. तो सगळ्यांच्याच चेहऱ्यावर उतरला होता. "तुम्ही काढलेली खोट आजवर चुकीची ठरली का? त्या क्वार्टरबॅकच्या वेळी तुम्ही एकच ओळ लिहिली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो, पण इथे ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आणि ह्या वेळी तुम्हाला ती सांगायचा धीर होत नव्हता. महिनोन्महिने तुम्ही तिच्यावर टिंब ठेवून बसलात. मी तुम्हाला दोष देत नाही. पण ज्या गोष्टीवर ऑर्व्हिल स्टॅम्परला पांघरूण घालावंसं वाटलं, ती बारीक कशी असेल?"

स्टॅम्पर कोणाकडेही न बघता म्हणाला, "मला आवडलं होतं ते."

"काय?"

"गुणगुणणं. त्याच्यासाठीच घ्या म्हणत होतो."

डॉब्सने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. "मनावर घेऊ नकोस रे. शेवटचं वर्ष सगळ्यांनाच असं हळवं करतं."

आकडेतज्ज्ञ उठला. त्याने मॅक्गीची पट्टी दुसऱ्या फेरीतून काढली आणि ती घेऊन फळ्यापुढे उभा राहिला. हॉल्क्विस्टनी बोट खाली केलं. तो वाकला. हॉल्क्विस्टनी बोट आणखी खाली केलं. शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि सातव्या फेरीच्याही खाली, जिथे फळा संपून नुसती भिंत सुरू होते त्या कडेला त्याने ती पट्टी चिकटवली. चुंबक अर्धाच फळ्यावर बसला. पट्टी जराशी लोंबत राहिली. पोराचं नाव तिरकं दिसत होतं.

"चला, पुढचा," हॉल्क्विस्ट म्हणाले. टेनेसीतल्या एका पोराची पट्टी त्यांनी बोटाने दाखवली. खोलीत पानं उलटल्याचा आवाज झाला, पेनं सज्ज झाली, आणि सगळे चेहरे श्रद्धेने स्टॅम्परकडे वळले.

"ऑर्व्हिल, ह्याच्यात काय आहे?"

स्टॅम्पर उठला. त्याने खुर्ची टेबलाखाली सरकवली, हॅट डोक्यावर घातली. दारापाशी जायला फळ्याच्या कडेने जावं लागत होतं. तिथून जाताना तो वाकला, अंगठ्याने ती तिरकी पट्टी सरळ केली, दार उघडलं आणि बाहेर पडला.